ब्रिटनची शनिवारची कुस्ती : बहर कसा आला आणि उतार कशामुळे?

धोबीपछाड

ब्रिटनमधल्या व्यावसायिक कुस्तीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : लढती आधी ठरलेल्या असतात हे लोकांना कळलं आणि धंदा बसला. मला हे मुळीच पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय. नुरा कुस्तीचा संशय तिथल्या प्रेक्षकाला दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता. तरी सगळ्यांत मोठा बहर त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी आला. तेव्हा उताराचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

पहिली लाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. जॉर्ज हॅकेनश्मिट लंडनच्या नाट्यगृहांतून खेळायचा. ३० जानेवारी १९०४ रोजी ऑलिंपिया सभागृहात त्याने तुर्की मल्ल अहमद मद्राली याला असं आपटलं की त्याचा हात निखळला. पहिल्या महायुद्धापर्यंत ती लाट ओसरली. १९३० च्या डिसेंबरात अ‍ॅथॉल ओकली वगैरे मंडळींनी 'ऑल-इन' कुस्ती सुरू केली. बहुतेक सगळे डाव चालतील, असा तिचा अर्थ. पहिली काही वर्षं गर्दी झाली. मग चांगले मल्ल कमी आणि कार्यक्रम जास्त अशी अवस्था आली, खुर्च्या उडू लागल्या, चिखलातल्या लढती लागल्या. अखेर त्या दशकाच्या शेवटी लंडन काउंटी कौन्सिलने बंदी घातली. पुढे जे घडलं त्याचा नमुना मला इथेच दिसतो.

१९४७ मध्ये अ‍ॅडमिरल लॉर्ड माउंटइव्हान्स यांच्या समितीने नियम बांधून दिले. १९५२ मध्ये मोठ्या आयोजकांनी प्रदेश वाटून घेऊन 'जॉइंट प्रमोशन्स' नावाचा संघ उभारला. दक्षिण इंग्लंड डेल मार्टिनकडे, यॉर्कशायर मॉरेल आणि बेरेसफर्डकडे, लीड्सचा भाग रेल्विस्को आणि ग्रीनकडे, असा हिशेब होता. ९ नोव्हेंबर १९५५ रोजी वेस्ट हॅम बाथ्समधून आयटीव्ही या जाहिरातींवर चालणाऱ्या खासगी वाहिनीवर पहिलं प्रक्षेपण झालं. १९५७ मध्ये खेळांवरचा करमणूक कर उठला आणि लहान सभागृहातला कार्यक्रमही परवडू लागला. साठच्या दशकाच्या मध्यावर वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास कार्यक्रम होत, असं सांगतात. एवढा पसारा एका मल्लाच्या नावावर उभा राहत नाही. त्यासाठी शंभरावर मल्ल, सात वजनगट आणि दर महिन्याला त्याच गावात परत येण्यासारखं काहीतरी वेगळं लागतं.

चितपट

चांगला विषय. माउंटइव्हान्स नियम नेमके काय होते? यूट्यूबवर जुन्या लढती बघताना फेऱ्यांचा हिशेब कळत नाही. मध्येच घंटा वाजते आणि दोघं कोपऱ्यात जातात.

तिसरा_इशारा

नियम समजले की निम्मी मजा तिथेच मिळते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लढत फेऱ्यांची. टीव्हीवर साधारणपणे पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. तीनपैकी दोन गुण मिळवणारा जिंकला. गुण दोन तऱ्हेने मिळतो. दोन्ही खांदे टेकवून पंचांच्या तीनच्या मोजणीपर्यंत दाबून धरणं ही एक तऱ्हा. पकडीत अडकलेल्याने हार कबूल करणं ही दुसरी. गुण झाला की फेरी तिथेच संपते, उरलेली मिनिटं पुढे जोडत नाहीत. तुम्हाला मध्येच ऐकू येते ती घंटा बहुधा हीच. खाली पडलेला मल्ल दहाच्या मोजणीत उठला नाही तर बाद, आणि मग गुणांचा हिशेब उरत नाही, लढतच संपते.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम म्हणजे पडलेल्या मल्लावर पुन्हा हल्ला करायचा नाही. डाव टाकून त्याच ओघात खाली जाऊन दाबलं तर चालतं. पण प्रतिस्पर्धी पडला, तुम्ही मागे सरलात, तर पंच मोजणी सुरू करतो आणि तुम्ही लांब उभं राहायचं. हा नियम मोडला, ठोसा मारला, केस ओढले की आधी तोंडी समज आणि मग जाहीर ताकीद. तिसऱ्या जाहीर ताकिदीला बाद.

यातून खलनायकाचं अख्खं शास्त्र तयार झालं. मिक मॅकमॅनस दोन ताकिदी घेऊन पुढच्या फेरीत उतरायचा. मग त्याचा प्रत्येक चोरटा ठोसा पंचांच्या पाठीमागेच पडायला हवा. प्रेक्षकाला तो दिसतो, पंचाला दिसत नाही, सभागृह ओरडून उठतं. खुर्ची न उचलता, रक्त न सांडता इतका संताप उभा करता येतो, कारण नियम कडक आहेत आणि प्रेक्षकाला ते पाठ आहेत. पंच ताकिदी देताना ढिला पडला की हे सगळं कोसळतं. पंच मख्ख असेल तर उत्तम खलनायकही वाया जातो.

वजनगट सात होते, ११ स्टोनच्या लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंत. ११ स्टोन म्हणजे साधारण ७० किलो. टीव्हीवरचे सर्वांत सुंदर सामने याच हलक्या गटांतले आहेत.

विगनकर

तांत्रिक भर घालतो. हे डाव आले कुठून? लँकेशायरच्या खाणपट्ट्यातली 'कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन' कुस्ती हे त्यांचं मूळ, आणि विगन गावातली बिली राइली यांची तालीम, 'स्नेक पिट', हे त्याचं विद्यापीठ. बिली जॉइस, बिली रॉबिन्सन तिथले. बेल्जियममधून आलेला कार्ल गॉचही तिथेच घासून निघाला आणि पुढे जपानला गेला. ऑलिंपिकमधल्या फ्रीस्टाइलचं मूळ याच कॅच प्रकारात आहे. म्हणजे खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, तो या शैलीचा सख्खा नातेवाईक.

तिथली मुख्य पकड दुहेरी मनगटाची. एका हाताने प्रतिस्पर्ध्याचं मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडावरून पलीकडे घालून आपलंच मनगट पकडायचं, की चौकटीसारखं कुलूप बसतं. मग त्याचा कोपर काटकोनात ठेवून हात पाठीमागे वर फिरवायचा, ताण थेट खांद्यावर येतो. नवशिक्याचं चुकतं ते कोपरापाशी. कोपर आपल्या छातीशी घट्ट बांधलेला नसेल तर समोरचा हात सरळ करून निसटतो. नुसत्या हाताच्या जोरावर पिळायला गेलात तरी तेच होतं, पूर्ण धड फिरवावं लागतं.

टीव्हीवर सतत दिसणारी मनगटाची पिळ आणि तिची तोड अशी असते : पहिला दोन्ही हातांनी मनगट धरून बाहेरच्या बाजूला पिळतो, दुसऱ्याचा खांदा खाली झुकतो. त्याने हात ओढून उपयोग नाही, पीळ उलगडायला हवा. म्हणून तो पिळाच्याच दिशेने पुढे कोलांटी घेतो, पाठीवरून झटक्याने पायांवर उभा राहतो. तोवर हात सरळ झालेला असतो. लगेच मोकळ्या हाताने समोरच्याचं मनगट धरून त्याच्या हाताखालून निघतो, आणि आता पीळ समोरच्याच्या हाताला. कोलांटी उलट दिशेला घेतली तर पीळ वाढतो आणि खांदा दुखावतो. पकडणाऱ्याने मूठ आवळून ठेवली तर मनगट आत फिरत नाही, आणि लवकर सोडली तर प्रेक्षकाला खोटेपणा दिसतो. मूठ बंद पण सैल, हे जमायला वर्षं जातात. जॉनी सेंट हे करताना बघा. गुडघे पोटाशी घेऊन चेंडूसारखा गोळा होऊन बसायचा, आणि समोरच्याला पकडायला काही सापडायचंच नाही.

शनिवार_चार

लोकप्रियतेचं खरं यंत्र वेळापत्रकात आहे, डावांइतकंच. आयटीव्हीचा 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' हा खेळांचा कार्यक्रम २ जानेवारी १९६५ ला सुरू झाला आणि कुस्तीला शनिवारी दुपारी चारची वेळ मिळाली. ही वेळ का सोन्यासारखी होती ते समजून घ्या. तिथे फुटबॉलचे लीग सामने शनिवारी तीनला सुरू होतात. त्या काळात ते टीव्हीवर थेट दाखवत नसत. पाऊणेपाचच्या सुमाराला सगळ्यांचे निकाल वाचले जायचे, आणि फुटबॉल पूल्सचे, म्हणजे निकालांच्या अंदाजावरच्या पैजेचे, पैसे लावलेली घरं त्या निकालांसाठी टीव्हीसमोर बसलेली असायची. आजोबा निकालासाठी बसले, आजी कुस्तीसाठी बसली, पोरं दोघांच्या मध्ये. पाऊण तासात दोन-तीन लढती, केंट वॉल्टन यांचं शांत, डावांची नावं नेमकी सांगणारं समालोचन, आणि त्यावरून त्या आठवड्यात जवळच्या टाउन हॉलची तिकिटं विकली जायची.

टीव्ही ही जाहिरात होती आणि पैसा गावोगावच्या सभागृहांतून येत होता. हे गणित लक्षात ठेवा, पुढचा उतार त्यातूनच कळतो.

शिखर १९६३ चं मानावं. त्या वर्षी २५ मे रोजी एफए चषकाच्या अंतिम सामन्याआधी आयटीव्हीने मॅकमॅनस आणि जॅकी पॅलो यांची लढत दाखवली. त्याच महिन्यात रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या कुस्तीला राणीचे पती ड्यूक ऑफ एडिंबरा हजर होते.

धोबीपछाड

अगदी बरोबर. आता १९७५ कडे येऊ. तोवर जॉइंट प्रमोशन्स मूळ आयोजकांच्या हातून मोठ्या व्यापारी कंपनीकडे गेलं होतं, जुने जाणकार निवृत्त झाले होते, आणि कार्यक्रम ठरवायचं काम मॅक्स क्रॅबट्री यांच्याकडे आलं. त्यांनी भाऊ शर्ली क्रॅबट्री याला 'बिग डॅडी' म्हणून पुढे आणलं. जन्म १९३० चा, म्हणजे पंचेचाळिशीला टेकलेला, वजन २५ स्टोनच्या आसपास, म्हणजे १६० किलो. सुरुवातीला जायंट हेस्टॅक्स या दुसऱ्या अवाढव्य मल्लाच्या जोडीने खलनायक होता, १९७७ पर्यंत पोरांचा लाडका नायक झाला. 'ईझी, ईझी' ही घोषणा त्याचीच.

त्याच्याकडून दहा मिनिटंही सलग कुस्ती होणं शक्य नव्हतं. म्हणून एक साचा तयार झाला. जोडीची लढत. डॅडीबरोबर एक तरुण, हलका, उत्तम मल्ल. समोर दोन दांडगे खलनायक. पहिली सात-आठ मिनिटं तरुण मार खातो, एक गुण जातो. मग तो कसाबसा कोपऱ्यात पोचून डॅडीच्या हाताला हात लावतो. डॅडी आत येतो, पोटाने दोन धक्के देतो, बरोबरी करतो, शेवटी अंगावर पडतो. लढत संपली.

यात दोन नुकसानं आहेत. खलनायक दर आठवड्याला मिनिटभरात लोळतो, तेव्हा दुसऱ्या गावात त्याच्याविरुद्ध कुणाला उभं करून तिकिटं विकायची? आणि तरुण मल्ल कायम मार खाणारा पोरगा म्हणूनच दिसतो. डायनामाइट किड, डेव्ही बॉय स्मिथ, जपानहून आलेला सातोरू सायामा, सगळे या साच्यातून गेले. १८ जून १९८१ ला वेंब्ली अरीनात डॅडी विरुद्ध हेस्टॅक्स हा सर्वांत मोठा सामना झाला. तो तीन मिनिटांच्या आत संपला.

लंडनची_लोकल

थोडा विरोध नोंदवते. १९७५ मध्ये मॅक्स क्रॅबट्री आले तेव्हा धंदा आधीच उतरणीला लागला होता. जुनी नावं थकली होती, अनेक टाउन हॉल रिकामे पडत होते. डॅडीमुळे वेंब्ली अरीना भरलं, लहान मुलं परत आली. तो नसता तर कदाचित १९८० च्या आतच सगळं आटोपलं असतं. शिवाय त्याच काळात टीव्हीवर उत्तम कुस्तीही चालू होती : मार्क रोक्को विरुद्ध मार्टी जोन्स, सेंट विरुद्ध जिम ब्रेक्स, स्टीव्ह ग्रे. डिसेंबर १९७७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन सिव्हिक हॉलमध्ये केंडो नागासाकीने विधिपूर्वक मुखवटा उतरवला, तो कार्यक्रम लोक अजून आठवतात. सगळा दोष एका माणसावर टाकू नये.

धोबीपछाड

त्या माणसावर माझा दोष नाही. तो ब्रिटनमधल्या मुलांना मनापासून आवडायचा, आणि ते प्रेम खरं होतं. माझा आक्षेप नियोजनावर आहे. डॅडी १९७७ ते ८१ असा चार वर्षांचा पूल म्हणून वापरला असता आणि शेवटी त्याने रोक्को किंवा जोन्सला पुढे केलं असतं, तर तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य होतं. तसं झालं नाही. तो १९९३ पर्यंत खेळत राहिला आणि चांगले मल्ल एकेक करून निघून गेले. कुणी ब्रायन डिक्सन यांच्या 'ऑल स्टार' या प्रतिस्पर्धी संस्थेत, कुणी कॅनडात, कुणी जपानला.

विगनकर

जपानची बाजू महत्त्वाची आहे. २३ एप्रिल १९८१ ला टोकियोत सायामा 'टायगर मास्क' म्हणून पहिल्यांदा उतरला तो डायनामाइट किडविरुद्ध. विगनजवळच्या गोलबोर्नचा पोरगा आणि ब्रिटिश सभागृहांत 'सॅमी ली' म्हणून तयार झालेला जपानी, या दोघांनी हलक्या वजनाच्या कुस्तीचा वेग कायमचा बदलला. रोक्कोही तिथे 'ब्लॅक टायगर' झाला. घरच्या टीव्हीवर यांना दुय्यम जागा होती.

शनिवार_चार

शेवटचा टप्पा मांडतो. सप्टेंबर १९८५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' बंद झाला. कुस्ती स्वतंत्र कार्यक्रम म्हणून राहिली, पण चारची वेळ गेली. कधी दुपारी जेवणाच्या वेळेला, कधी आणखी कधी. सवयीवर जगणारा कार्यक्रम वेळ बदलली की मरतो. १९८७ पासून आयटीव्हीने जॉइंटची मक्तेदारी मोडून ऑल स्टार आणि अमेरिकन डब्ल्यूडब्ल्यूएफ यांनाही वाटा दिला. त्यामुळे डाव सुधारले, पण त्याच वेळी प्रेक्षकाने अमेरिकन झगमगाट पाहिला, आणि त्यानंतर पिवळट दिव्यांचा टाउन हॉल जुना दिसू लागला.

ऑगस्ट १९८७ मध्ये ग्रेट यार्मथला डॅडीने अंगावर पडण्याचा नेहमीचा डाव टाकल्यावर मॅल कर्क यांचा मृत्यू झाला. त्यांना आधीपासून हृदयविकार होता असं तपासात निघालं आणि डॅडीवर ठपका आला नाही, पण खेळावर मळभ आलं. १९८८ च्या अखेरीस, आयटीव्हीचा क्रीडा विभाग सांभाळणाऱ्या ग्रेग डाइक यांच्या कारकिर्दीत, वाहिनीने कुस्ती थांबवली. जाहिरातदारांना तरुण आणि पैसेवाला प्रेक्षक हवा होता. कुस्तीचा प्रेक्षक वयस्क आणि कामगार वर्गातला होता. बघणारे तेव्हाही लाखोंनी होते.

टीव्हीची जाहिरात गेली आणि सभागृहांचं गणित दोनेक वर्षांत मोडलं. ऑल स्टार टिकलं, सुट्टीच्या छावण्या आणि समुद्रकाठच्या नाट्यगृहांवर.

चितपट

मग १९९२ चं काय? आपल्याकडे केबल आली तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफची पत्त्यांसारखी कार्डं मुंबई-पुण्यातल्या पोरांच्या खिशात असायची, त्यात ब्रिटिश बुलडॉग होता.

लंडनची_लोकल

तोच डेव्ही बॉय स्मिथ. २९ ऑगस्ट १९९२, जुनं वेंब्ली स्टेडियम, समरस्लॅम. जाहीर आकडा ८०,३५५. शेवटची लढत मेहुण्याशी, ब्रेट हार्टशी, आणि बुलडॉग जिंकला. चार वर्षांपूर्वी 'आता कोण बघतं कुस्ती' म्हणून बंद केलेल्या देशात ही गर्दी. १९८९ पासून स्काय उपग्रह वाहिनीवर डब्ल्यूडब्ल्यूएफ दिसत होतं, त्याचा हा परिणाम. प्रेक्षक संपला नव्हता, त्याने दुकान बदललं होतं. ब्रिटिश मल्लांना मात्र त्यातून काम मिळालं नाही. त्यानंतर त्या कंपनीचा ब्रिटनमधल्या स्टेडियमवरचा मोठा कार्यक्रम थेट ३ सप्टेंबर २०२२ ला कार्डिफमध्ये झाला.

तिसरा_इशारा

मधल्या काळातला दुसरा बहर विसरू नका. ग्लासगोची आयसीडब्ल्यू ही कुस्ती संस्था २००६ ची, लंडनची 'प्रोग्रेस' २०१२ मध्ये इस्लिंग्टनच्या एका संगीत सभागृहातून सुरू झालेली. प्रेक्षक फक्त मोठ्यांचा, कार्यक्रम महिन्याचा, लढती जपानी वेगाच्या. आयसीडब्ल्यूने २०१६ मध्ये ग्लासगोच्या हायड्रो अरीनात सहा हजारांवर लोक जमवले. प्रोग्रेसने सप्टेंबर २०१८ मध्ये वेंब्ली अरीना घेतलं. जानेवारी २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने (पूर्वीच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने) ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये १६ मल्लांची स्पर्धा घेतली, टायलर बेट जिंकला. मग करार झाले आणि चांगल्या मल्लांना बाकी ठिकाणी खेळायला बंधनं आली. लहान आयोजकाच्या हातून मुख्य नावंच गेली. जून २०२० मध्ये 'स्पीकिंग आउट' चळवळीत अनेकांनी, विशेषतः तरुण स्त्रियांनी, तालमींमधल्या आणि कार्यक्रमांमधल्या अत्याचारांना वाचा फोडली. ते बोलले हे फार बरं झालं. कुणाच्याही देखरेखीविना मुलं शिकवणाऱ्या तालमी चालत होत्या. खेळ की रंगमंच या वादात कुठल्याच संस्थेची जबाबदारी ठरत नव्हती. २०२१ मध्ये ब्रिटिश खासदारांच्या गटाने याच मुद्द्यांवर अहवाल दिला. डब्ल्यूडब्ल्यूईची ब्रिटिश शाखा एनएक्सटी यूके २०२२ मध्ये बंद झाली.

गावकुस

गामा पैलवान लंडनला गेले होते ते याच मालिकेत बसतं का?

विगनकर

पहिल्या लाटेच्या उत्तरार्धात. १९१० चा उन्हाळा. गामांनी आधी अमेरिकन बेंजामिन रोलरला हरवलं. मग १० सप्टेंबरला व्हाइट सिटीमध्ये पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को. तो अडीच तासांहून जास्त वेळ गादीला पोट चिकटवून पडून राहिला, लढत बरोबरीत सुटली. १७ तारखेला पुन्हा ठरली, तो आलाच नाही, 'जॉन बुल' पट्टा गामांना मिळाला. पैसे देऊन आलेल्या लंडनच्या प्रेक्षकाला ती अडीच तासांची लढत कंटाळवाणी वाटली. खरी कुस्ती तिकिटावर विकणं किती अवघड, हे आयोजकांना तिथे दिसलं. पुढच्या पिढ्यांनी फेऱ्या आणि वेळेचं बंधन का आणलं ते यावरून समजतं.

चितपट

नव्याने बघायचं तर कुठून सुरुवात करू?

तिसरा_इशारा

आधी सेंट विरुद्ध ग्रे. आवाज बंद न करता बघा, वॉल्टन प्रत्येक पकडीचं नाव सांगतात. मग सेंट विरुद्ध ब्रेक्स, त्यात ताकिदी मोजत जा. ब्रेक्सचं सगळं लक्ष एकाच हातावर असतं. पहिल्या फेरीपासून तो त्या हाताला छळत राहतो, कारण शेवटी त्याच हाताने उचलून हार कबूल करून घ्यायची असते. त्यानंतर वेगासाठी रोक्को विरुद्ध जोन्स. डॅडीची जोडीची एखादीच लढत बघा, पण ती शेवटी, आणि बघताना डॅडीऐवजी त्याच्या तरुण जोडीदाराकडे लक्ष ठेवा. आजचं हवं असेल तर झॅक सेबर ज्युनियर. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो न्यू जपान या जपानी कुस्ती संस्थेचा आयडब्ल्यूजीपी जागतिक विजेता झाला, आणि वर विगनकरांनी लिहिलेली मनगटाची तोड तो अजून जवळपास तशीच करतो.